चिंगी एकटी किती पाणी वाहणार?

तर झालं असं की गेल्या तीन अंकांत माझी एक युद्धकथा क्रमशः आली आणि संपादकांनी भोळेपणानं शेवटी एक ओळ टाकली की वाचकांना काही शंका असतील तर जरूर कळवा. नागपुरात असं लिहायचं नसतं हो. इकडं कामठीची छावणी, तिकडं वायुसेनानगर, मधे अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी, आणि कुठल्याही कॉलनीत एखादे रिटायर्ड सुभेदार साहेब सकाळी पाइप धरून कुंड्यांना पाणी घालत उभे असतातच. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप आले, एक गृहस्थ तर थेट घरी आले आणि तर्री-पोहे संपून चहा झाला तरी उठेनात. त्यातले निवडक प्रश्न या वेळच्या रकान्यात घेतोय.

ज्यांनी कथा वाचली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. दोन काल्पनिक देश, मधे नदी, नदीवर पूल, पुलाजवळ टेकडी. टेकडीवर एकशे दहा जणांची एक कंपनी, त्यांचा मेजर, एक म्हातारा सुभेदार आणि चिंगी नावाचं खेचर. मागून ब्रिगेड येईपर्यंत दोन रात्री टेकडी सोडायची नाही. ते सोडत नाहीत, संपली गोष्ट. मी स्वतः फौजेत नव्हतो, नोकरी सगळी बँकेच्या काउंटरमागं गेली, त्यामुळं तूट निघाली की ती कबूल करायची सवय आहे.

प्रश्न : आमचं धान्याचं होलसेल आहे. तुमच्या कथेत पहिल्या रात्री सगळे जण रात्रभर गोळ्या झाडून राहिले, दुसऱ्या रात्रीबी तेच. काहून बाप्पा, एवढा माल टेकडीवर चढवला कोणी? आणि तीन दिवसांत एकबी माणूस जेवताना दिसला नाही. — एक वाचक, इतवारी

साहेब, तुमचं पत्र वाचून मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो आणि अर्ध्या तासात घाम फुटला.

आधी गोळ्या. एके-४७ सारखी रायफल घ्या. मॅगझिनमधे तीस गोळ्या, आणि ऑटोमॅटिकवर टाकली तर मिनिटाला साधारण सहाशेच्या वेगानं मारते, म्हणजे ट्रिगर दाबून ठेवला की अख्खं मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं. तीन सेकंद! तेवढ्यात तुम्ही पोत्याची गाठही सोडत नाही. एका जवानाकडं पाच मॅगझिन धरली तर पंधरा सेकंदांचा खेळ, मग काय, दगड मारायचे? खऱ्या लढाईत म्हणूनच रात्री मोर्चात बसलेला माणूस बहुतेक वेळ गोळी मारतच नसतो. तो ऐकत असतो. हुकूम येईपर्यंत फायर करायचा नाही, आणि केला तर एक-एक किंवा दोन-तीनच्या फैरीत. उगाच फायर केला की गोळ्या तर जातातच, वर आपली मशीनगन नेमकी कुठं आहे हे समोरच्याला आयतं कळतं. मी कथेत जे रात्रभर धडधड लिहिलंय ते सिनेमा बघून लिहिलंय, उगाच खोटं कशाला बोलू.

आता पाणी, आणि इथं खरा मार बसतो. उन्हाळी मुलुख आहे कथेत, म्हणजे आपला विदर्भच समजा. दिवसभर खंदक खणणाऱ्या माणसाला पाच लिटर हे कंजूष माप झालं. एकशे दहा गुणिले पाच, साडेपाचशे लिटर, म्हणजे साडेपाचशे किलो, आणि तेही एका दिवसाचं. खेचर डोंगरात सत्तर-ऐंशी किलो वाहतं. म्हणजे नुसत्या पाण्यासाठी सात-आठ खेचरं रोज चढली पाहिजेत, कॅन आणि खोगिराचं वजन तर धरलंच नाही. मी दिली एक चिंगी! दुसऱ्या दिवशी दुपारी माझी कंपनी गोळीनं नाही, तहानेनं टेकडी सोडून खाली आली असती आणि शत्रूनं वर जाऊन चहा केला असता.

जेवणाचं तुम्ही बरोबर पकडलं. अशा जागी चूल पेटवता येत नाही, दिवसा धूर दिसतो आणि रात्री उजेड, तेव्हा लंगर मागं खाली राहतो आणि वर जातं ते कोरडं. पुऱ्या, शकरपारे, भिजवलेले चणे, गूळ. शकरपारे खिशात राहतात, चार दिवस बिघडत नाहीत, अंधारात हाताला लागतात. माझ्या सुभेदाराच्या खिशात निदान तेवढे तरी असायला हवे होते.

आपल्याला खरं म्हणजे हे कोणी सांगायला नको. पानिपत म्हटलं की आपण १४ जानेवारी १७६१ च्या दुपारचंच बोलतो, विश्वासराव, भाऊसाहेब, संक्रांत कोसळली वगैरे, पण ती दुपार उजाडायच्या कितीतरी आधी रसद तुटली होती. लढणाऱ्यांच्या बरोबर यात्रेकरू, बायकामुलं, बाजारबुणगे, सगळ्यांची तोंडं, आणि घोड्यांना दाणा नाही. घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो वैरण लागते, ती कुठून आणणार? भुकेलं सैन्य शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून बाहेर पडलं. आणि याच्या उलट टोकाला शिवाजी महाराजांचं चिपळूणकडच्या लष्कराला लिहिलेलं ते पत्र काढून वाचा. त्यात शौर्याचा शब्द नाही. दाणा-वैरण आत्ताच उधळली तर पावसाळ्यात घोडी मरतील, शेतकऱ्याच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात नेईल आणि गवताच्या गंज्या जळतील, असलं सगळं. उंदीर! राज्य चालवणारा माणूस उंदराचा विचार करतोय. हे पत्र मी दहा वेळा वाचलंय आणि तरी कथेत पाणी विसरलो. तुमच्यासारखा गल्ल्यावर बसणारा माणूस क्वार्टरमास्टर, म्हणजे रसद सांभाळणारा, म्हणून घ्यायला हवा होता.

प्रश्न : कथेतला मेजर "अरे सुभेदार, इकडे ये" असं म्हणतो. हे वाचून मी मासिक खाली ठेवलं. — एक निवृत्त हवालदार, कामठी

हवालदार साहेब, पुन्हा उचला, माफी मागतो. ज्यांनी फौज पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, सुभेदार किंवा नायब सुभेदार हे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, जेसीओ. पंचवीस-पंचवीस वर्षं पलटणीत काढलेली माणसं. चोवीस वर्षांचा लेफ्टनंट रँकनं वर असला तरी त्यांना "साहेब" म्हणतो, "सुभेदार साहेब" म्हणतो, आणि कर्नलसुद्धा तसंच म्हणतो. आपल्याकडं नवीन डॉक्टर जसा जुन्या सिस्टरला आवाज चढवून बोलत नाही, बोलला तर पुढचे सहा महिने त्याला कुठलीच गोष्ट वेळेवर मिळत नाही, तसं थोडंसं.

ही नुसती शिष्टाचाराची चूक नाही, कथेचीच चूक आहे, हे मला तुमच्या पत्रानं कळलं. साधारण दहा जणांचा सेक्शन हवालदाराच्या हाताखाली, तीसेक जणांची प्लाटून बहुतेक वेळा जेसीओकडं, आणि अशा प्लाटून मिळून मेजरची कंपनी. रात्रीच्या लढाईत मेजर सगळीकडं असू शकत नाही. अंधारात जवानाला मेजर दिसत नाही, त्याला त्याच्या हवालदाराचा आवाज ऐकू येतो, बस. मी मात्र मेजरला एका रात्रीत चारही कोपऱ्यांत पळवलं, त्यानंच ग्रेनेड टाकला, त्यानंच मशीनगन चालवली, त्यानंच जखमीला उचललं. मग बाकीचे एकशे नऊ काय करून राहिले होते? तुमच्या कामठीला आज ज्या गार्ड्सचं सेंटर आहे, त्याच रेजिमेंटच्या १४ गार्ड्सचे लान्स नायक अल्बर्ट एक्का, ३ डिसेंबर १९७१, आजच्या बांगलादेशातलं गंगासागर. शत्रूच्या मशीनगन त्यांनी स्वतः पुढं जाऊन बंद पाडल्या, तिथंच गेले, मागून परमवीर चक्र मिळालं. लान्स नायक. मेजर नाही. पुस्तकात छापून येईल तेव्हा माझी दुसरी रात्र सुभेदार साहेबांच्या नजरेतून लिहिणार.

प्रश्न : टेकडीवर नेमकी कोणती रायफल होती? मॉडेल नंबर द्या. — महाविद्यालयीन विद्यार्थी, त्रिमूर्तीनगर

काल्पनिक देशाची. नंबर दिला की तुम्ही त्यातली चूक काढणार, मला माहिताय.

प्रश्न : दुसऱ्या भागात तोफ कडाडते आणि "त्याच क्षणी" दूरच्या डोंगरावर उजेड दिसतो. मी मोबाइलवर वॉर गेम खेळतो, त्यातही असं होत नाही. — अकरावीचा विद्यार्थी, नंदनवन

तुझा गेम माझ्यापेक्षा हुशार निघाला. आवाज हवेत सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरला अंदाजे तीन सेकंद. विजेचं जसं आपण लहानपणी मोजायचो, चमकली की एक, दोन, तीन. सहा किलोमीटरवरची तोफ असेल तर आधी क्षितिजावर लुकलुक, मग सतरा-अठरा सेकंद काहीच नाही, मग तो जड आवाज. जुने तोफखान्याचे लोक असंच मोजून शत्रूची तोफ किती लांब आहे याचा अंदाज बांधत. आणि रायफलचं उलटं. गोळी आवाजाच्या दुप्पट वेगानं वगैरे येते, त्यामुळं ज्याला लागते त्याला तो फायर ऐकूच येत नाही, शेजारच्याला येतो. आधी कानाजवळ चाबूक फुटल्यासारखं, मग लांबून फट्‌.

ती मधली सतरा सेकंदं किती कामाची आहेत बघ कथेत, आणि मी ती फुकट घालवली. पोरगा उजेड बघतो आणि त्याला माहितीये की आता काहीतरी निघालंय, आणि तो मोजतोय.

प्रश्न : पहिल्या रात्री तुम्ही "अष्टमीचा चंद्र मध्यरात्री डोक्यावर आला" असं लिहिलंय. कुठली अष्टमी रे बाबा? — एक आजी, महाल

आजी, पाया पडतो. फौजेतल्या तीन माणसांनी मसुदा वाचला, एकाच्याही लक्षात आलं नाही, आणि तुम्ही कालनिर्णय काढून बसलात.

शुद्ध अष्टमी असेल तर चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो, वद्य अष्टमी असेल तर तेव्हा उगवतो. डोक्यावर तो मध्यरात्री पौर्णिमेलाच. आणि हे काही बारीकसारीक नाही बरं का. हल्ला करणारा अधिकारी तुमच्यासारखाच तिथी बघतो. अंधारात पायथ्याशी जमायचं आणि चढताना थोडा उजेड मिळावा असं वाटलं तर वद्य अष्टमी सोयीची, चंद्र उशिरा उगवतो. पूर्ण अंधार हवा तर अमावस्येच्या आसपास, पण मग आपलीच माणसं चुकतात, एकमेकांवरच फायर करतात. माझ्या शत्रूनं शुद्ध अष्टमीला मध्यरात्रीनंतर हल्ला केला असता तर त्याला अंधार मिळाला असता. तसंच करतो आता. तुमच्यामुळं शत्रू सुधारला.

प्रश्न : मी भूगोल शिकवतो. मूळ शंका अशी की शत्रूनं त्या टेकडीवर डोकं आपटलंच का? बाजूनं का नाही गेला? — शिक्षक, रामटेक

सर, हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त बोचला, कारण याचं उत्तर कथेत कुठंच नाहीये आणि ते असल्याशिवाय बाकीचं सगळं नुसतं फटाके.

टेकडी उंच आहे म्हणून तिला किंमत नसते. तिच्यावरून काय अडवता येतं याला किंमत असते. मी पहिल्या भागात लिहिलं की टेकडी पुलापासून नऊ किलोमीटर, आणि तिसऱ्या भागात पुलावरच्या शत्रूला टेकडीवरच्या जवानाचा चेहरा दिसतोय! (हे तुम्ही सभ्यपणा म्हणून लिहिलं नाहीत, पण तुमच्या विद्यार्थ्यानं खाली पेन्सिलीनं लिहून पाठवलंय.) नऊ किलोमीटरवरून मशीनगन काही करू शकत नाही, तिचा कामाचा पल्ला दीड-दोन किलोमीटर. मग शत्रू खुशाल पूल ओलांडेल, जाता जाता टेकडीला हात दाखवेल आणि मागं एक छोटी तुकडी ठेवून पुढं जाईल. माझी कंपनी वर बसून शकरपारे खाणार.

हे असं बगल देऊन जाणं प्रत्यक्षात झालेलं आहे, १९७१ मधे पूर्वेकडं, म्हणजे आजच्या बांगलादेशात. पाकिस्तानी फौजेनं गावं-शहरं पक्की करून ठेवली होती, लढा म्हणे आमच्याशी इथं. आपल्या फौजा बऱ्याच ठिकाणी ती ठाणी बाजूला टाकून पुढं सरकल्या, मेघना नदीवरचा पूल मिळेना तर ९ डिसेंबरपासून हेलिकॉप्टरनं जवान पलीकडं उतरवले, ११ ला तंगाईलला पॅराशूटनं उतरले, आणि १६ ला ढाक्यात शरणागती. ज्या ठाण्यांत ते बंदुका रोखून बसले होते त्यातली कितीतरी तशीच बसून राहिली. आणि उलटही आहे, त्याच आघाडीवर हिली गावाला समोरून धडक दिली तिथं फार रक्त सांडलं, त्यातही पुन्हा आपल्या कामठीवाल्यांची ८ गार्ड्स होती.

मग टेकडीसाठी खरंच लढावं लागतं ते कधी? आपल्या सीताबर्डीकडं बघा ना. आज खाली मार्केट, एका अंगाला रेल्वे स्टेशन, टेकडी गणपतीला मंगळवारची रांग, त्यामुळं ती टेकडी आहे हेच आपण विसरतो. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला तिथं इंग्रज रेसिडेंट जेन्किन्सचे लोक अडकले होते आणि आप्पासाहेब भोसल्यांची फौज त्यांच्या कितीतरी पट. टेकड्या दोन, एक मोठी एक छोटी, दोन्ही जवळजवळ. भोसल्यांच्या अरबांनी छोटी टेकडी घेतली आणि तिथली तोफ फिरवून मोठीवर मारा सुरू केला. तिथं लढाई उलटायला आली होती. कारण छोटी टेकडी मोठीच्या उरावर बसलेली, तिला वळसा घालून कोणी जाऊच शकत नव्हतं, ती घेतली की मोठीवर उभं राहणं मुश्किल. मग इंग्रजांच्या घोडदळानं खाली मैदानात धडक मारली, आणि छोट्या टेकडीवर अरबांच्यातच दारूगोळा उडाला, त्या गोंधळात ती टेकडी परत गेली. लहानपणी ही गोष्ट मला नेहमी इंग्रजांच्या बाजूनं सांगितली गेली, थोडेसे शूर लोक आणि समोर अफाट सैन्य. मोठा झाल्यावर लक्षात आलं की ते अफाट सैन्य म्हणजे आपण.

किल्ला आता लष्कराकडं आहे, २६ जानेवारीला वगैरे सगळ्यांना आत सोडतात. मी मागच्या वेळी गेलो तेव्हा मुद्दाम दुसऱ्या टोकाकडं तोंड करून उभा राहिलो आणि पायांनी नाही पण डोळ्यांनी अंतर मोजलं. मागं एक आई पोराला सांगत होती, सरळ उभा राह्य, फोटो काढून राहिली ना. एवढं जवळ! ओरडून शिवी दिली तरी ऐकू जाईल इतकं. असलं अंतर कागदावर कळत नाही.

बाजूनं जायचं म्हटलं तरी वाट शोधावी लागते. १८०३ मधे, २३ सप्टेंबरला, भोकरदनजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांची फौज केळणा नदीमागं बसलेली, तोफा रोखलेल्या. इंग्रज सेनापती वेलस्लीला वाटाडे म्हणाले उतार नाही, म्हणजे नदी चालत ओलांडता येईल अशी जागाच नाही. त्याला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. त्यानं म्हटलं समोरासमोर गावं आहेत म्हणजे माणसं ये-जा करत असणार, म्हणजे उतार असणारच. होता. तुम्ही भूगोलाचे आहात, तुम्हाला हे मी काय सांगावं. पोरी सासरी द्यायच्या असतात, बैल बाजाराला न्यायचे असतात, नदी काय अडवणार. आणि त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाला इंग्रजांनी जड तोफा कित्येक दिवस डोंगरातून ओढत वळसा घालून उत्तरेकडं नेल्या, कारण तोफ लावण्यासारखी जागा त्या बाजूलाच. १५ डिसेंबरला गड पडला. म्हणजे बगल फुकट मिळत नाही, तिचे पैसे दिवसांत मोजावे लागतात.

आणि तेच माझ्या कथेचं उत्तर असायला हवं होतं. शत्रू बाजूनं जाऊ शकतो, पण त्याला चार दिवस लागतील, आणि मागून ब्रिगेड तीन दिवसांत येतेय. तेव्हा तो टेकडीवर डोकं आपटतो ते मूर्ख म्हणून नाही, घड्याळ बघून. टेकडी पुलापासून एक किलोमीटरवर आणतोय. मी नकाशा एका लग्नपत्रिकेच्या मागं काढला होता, पत्रिका लहान होती, पहिल्या भागाचा अर्धा नकाशा दुसऱ्या पत्रिकेवर गेला, तिथून हा घोळ.

प्रश्न : शत्रूचा सेनापती पहिल्या रात्री शंभर माणसं पाठवतो, दुसऱ्या रात्री पुन्हा शंभर. एवढा बावळट कोणी असतो का? — एनसीसी कॅडेट, धरमपेठ

नसतो. तुमच्या एनसीसीच्या वर्गातही सांगत असतील, पक्क्या मोर्चावर हल्ला करायचा तर निदान तिप्पट माणसं हवीत, आणि डोंगरात चढून जायचं असेल तर त्याहून जास्त. एकशे दहाच्या विरुद्ध शंभर पाठवणं म्हणजे निव्वळ लेखकाची सोय. पुढच्या मसुद्यात सहाशे-सातशेची पूर्ण बटालियन येतेय, आणि आधी तोफखाना.

तोफखान्यावरून आठवलं. तुम्ही पुढं विचारलंय की मेजरनं मागच्या तोफांची मदत का नाही मागितली. मी तेव्हा विसरलो होतो हे खरं, पण आता कारण सापडलंय आणि ते खरं घडलेलं आहे. १८ नोव्हेंबर १९६२, चीनशी लढाई, लडाखमधली रेझांग ला खिंड, १३ कुमाऊंची चार्ली कंपनी. ही कंपनी आणि मागच्या आपल्या तोफा यांच्या मधे डोंगर आडवा आलेला, गोळा त्या डोंगरावरून हवा तिथं पडतच नव्हता. मदत जवळ असून पोचत नाही यापेक्षा वाईट काय असतं. आणि उलट चित्र कारगिलचं, तिथं १९९९ मधे तोफा एवढ्या बोलल्या की बोफोर्सचं नाव पानवाल्यापासून सगळ्यांना पाठ झालं. त्या १५५ मिलिमीटरच्या एका गोळ्याचं वजन त्रेचाळीस किलोच्या आसपास असतं, म्हणजे सिमेंटच्या पोत्यापेक्षा थोडा कमी, आणि तो कोणीतरी हातांनी उचलून लोड करतं, दिवसभर, दहा हजार फुटांवर. इतवारीवाल्यांनी हेही हिशोबात धरावं.

प्रश्न : शेवटी विमानं सकाळीच का आली? रात्री का नाही? हा सीन लोंगेवालातून उचललाय ना? — वायुसेनानगर

उचललाय. राजस्थान सीमेवरच्या त्या ठाण्यासाठी ५ डिसेंबर १९७१ ला जैसलमेरची हंटर विमानं पहाट फुटल्यावरच निघू शकली कारण रात्री जमिनीवरचं टारगेट दिसण्याची सोय त्यांच्यात नव्हती, तोवर २३ पंजाबची एक कंपनी रात्रभर रणगाड्यांसमोर बसली. उजेड झाला आणि वाळूत फसलेले रणगाडे वरून उघडे पडले. माझा दोष एवढाच की मी कथा अलीकडच्या काळात टाकली आणि आता विमानं रात्रीही येतात. कथा १९७० च्या दशकात मागं नेतो, म्हणजे मोबाइलचीही कटकट जाईल.

प्रश्न : चिंगीचं काय झालं? पहिल्या भागात ती पाणी घेऊन वर जाते मग कुठंच नाही. ती मेली का? — इयत्ता पाचवी, काटोल रोड

नाही रे राजा, मेली नाही, मी विसरलो तिला. तुझ्या आधी कोणी विचारलंही नाही, एवढे मोठे मोठे लोक गोळ्या मोजत बसले.

तुला एक खरी गोष्ट सांगतो. आपल्या फौजेत पेडोंगी नावाची एक खेचरीण होती. १९७१ च्या लढाईत ती शत्रूच्या हाती लागली. त्यांनी तिच्या पाठीवर त्यांची मशीनगन आणि गोळ्यांच्या पेट्या लादल्या. ही पठ्ठी तिथून निसटली आणि ते सगळं ओझं घेऊन कित्येक किलोमीटर चालत आपल्या ठाण्यावर परत आली. पुढं बरीच वर्षं फौजेतच राहिली, म्हातारी झाल्यावर तिला दिल्लीला बोलावून निळ्या मखमलीची झूल घातली.

आपली चिंगी दुसऱ्या रात्री खाली नदीकाठी होती, सात नव्या खेचरांच्या बरोबर, प्रत्येकाच्या पाठीवर पाणी. इतवारीच्या काकांनी सात मंजूर केलीत. चढ अंधारात आहे, पण वाट तिला माहितीये, म्हणून ती सगळ्यात पुढं.